वॉर्ड ऑफिसात एकटीने जायचं नाही

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पोरगा नाहीतर पोरगी येते, नुकतंच कॉलेज संपलेलं असतं, खांद्याला झोळी नवीकोरी, आणि विचारते ताई मला वस्तीत काम करायचंय, कुठून सुरू करू. मी तेच तेच सांगून आता कंटाळलेय म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय. मी पुण्यात वीस-बावीस वर्षं लाल झेंड्याखाली काम करते, सकाळी शिकवण्या घेते आणि उरलेला वेळ वस्तीत. कुठला लाल झेंडा ते विचारू नका, त्या एका प्रश्नावर आपल्याकडे अर्धी मीटिंग जाते.

पहिला नियम आधीच सांगते. वॉर्ड ऑफिसात एकट्याने जायचं नाही. कधीच नाही. हा नियम मला कुणी शिकवला नाही, मी तोंडावर आपटून शिकले. आमच्या एका गल्लीत सार्वजनिक नळाला पहाटे चारला पाणी यायचं, जेमतेम पाऊण तास, आणि त्यावरून रोज भांडणं. मी तेव्हा जोशात होते, तीन महिने ज्युनियर इंजिनियरच्या मागे लागले, अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, एकदा तर त्याच्या साईटवर जाऊन उभी राहिले, आणि शेवटी दोन इंची लाईन मंजूर करून आणली. एकटीने. ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दोन फ्लेक्स, एकावर आमचे नगरसेवक भाऊ हात जोडून आणि दुसऱ्यावर भाऊ मोबाईलवर बोलताना, वर लिहिलेलं "भाऊंच्या अथक प्रयत्नातून". आणि जिच्या घरी मी शंभर वेळा चहा प्यायलेय ती मावशी मला म्हणते, बघा ताई भाऊंनी पाणी आणलं, तुम्ही पण जायच्या ना हो ऑफिसात? तिचा काय दोष. गल्लीतल्या एकाही बाईने ते ऑफिस पाह्यलेलं नव्हतं, मी काय केलं ते मला आणि त्या इंजिनियरला माहीत, आणि तो कशाला सांगतोय.

नगरसेवक एका फोनवर काम करून देतो, त्याच्याशी त्या बाबतीत आपली बरोबरी होऊच शकत नाही. आपण पण लोकांची कामं करून द्यायला लागलो तर तो ओरिजिनल आणि आपण झेरॉक्स. त्यामुळे दाखला असो, रेशनकार्ड असो, शहरी गरीब योजनेचं कार्ड असो, ज्याचं काम आहे तो सोबत पाहिजे आणि त्याच्याबरोबर शेजारचे दोघंतिघं पाहिजेत, आणि साहेबाशी बोलायचं त्यांनी. आपण फक्त मागे उभं राहायचं आणि अडलं तर सांगायचं. सुरुवातीला फार जड जातं हे, कारण आपल्याला बोलता येतं आणि त्या बाईला शब्द सापडत नाही, ती पदर चावते आणि साहेब घड्याळ बघतो. थांबायचं. तिसऱ्या खेपेला तीच बाई साहेबाला म्हणते, मागच्या मंगळवारी तुम्हीच म्हणला होता आठ दिवसात करतो, मी होते इथे.

आता ऑफिसात जायचं कसं. निवेदन एका पानाचं, विषय एकच. पाणी, ड्रेनेज, लाईट आणि कुत्री एकाच अर्जात घातली की तो अर्ज चार टेबलं फिरतो आणि कुठेच थांबत नाही. तीन प्रती काढायच्या, एक आवक विभागात, एक साहेबाच्या हातात, एक आपली, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही. पोच नाही तर अर्ज नाही, एवढं डोक्यात पक्कं करा. सह्यांचं पान वेगळं जोडा, अंगठे असतील तर अंगठ्यापुढे नाव लिहा. आणि कुठलं खातं कुठे बसतं ते आधी शोधा. वॉर्ड ऑफिस, म्हणजे कागदोपत्री क्षेत्रीय कार्यालय, तिथे सगळं मिळतं असा समज असतो, पण पाणीपुरवठा वेगळीकडे, झाडांचं उद्यान खात्याकडे, आणि त्या भाऊंच्या फ्लेक्सची तक्रार करायची तर आकाशचिन्ह व परवाना विभाग (काय सुंदर नाव आहे, मला अजूनही आवडतं). साहेब साईटवर गेलेत असं सांगितलं की जिन्यात बसायचं. बायका डबा घेऊन आलेल्या असल्या की फार छान, जिन्यात दहा बायका चटणी-भाकरी खायला बसल्या की साहेब साईटवरून वीस मिनिटात परत येतात असा अनुभव आहे.

मोठ्या साहेबांपेक्षा मुकादमाशी आणि झाडूवाल्या बायकांशी ओळख करा. सकाळी साडेसहाला हजेरी कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे, जाऊन उभे राहा, अख्ख्या प्रभागात कुठे काय चाललंय ते तिथे कळतं. तिथले निम्म्याहून जास्त लोक ठेक्यावर असतात आणि त्यांची दुखणी ठरलेली असतात, पगार उशिरा, पगारपत्रक नाही, पीएफ कापतात पण भरत नाहीत. पीएफ भरलाय की नाही हे तिच्याच मोबाईलवर यूएएन, म्हणजे तिच्या पीएफचा नंबर, टाकून दाखवा, पासबुक उघडलं आणि सात महिने रिकामे दिसले की पुढचं भाषण करावं लागत नाही. ठेकेदाराने पैसे बुडवले तर शेवटी मुख्य मालक म्हणून महापालिकेवर जबाबदारी येते हे लक्षात ठेवा. कलमांचे जुने नंबर पाठ असतील तर ते मात्र विसरा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत, वकिलाला विचारून घ्या. आणि हे लढे लांब चालतात हो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० ठेका सफाई कामगारांना कायम करा म्हणून केस लढवली, दहा वर्षं गेली, एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. दहा वर्षं म्हणजे हजेरी कोठीवरचे दहा पावसाळे, आणि तेवढ्या काळात काही कामगार वारले सुद्धा.

माहिती अधिकाराबद्दल सगळ्यांना वाटतं आपल्याला येतो. येत नाही. पोरं अर्जात लिहितात "अमुक रस्ता का केला नाही याचा खुलासा करावा", आणि उत्तर येतं की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. "का" विचारायचंच नाही. कागद मागायचा, वर्क ऑर्डरची प्रत, निविदेतल्या अटी, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, हजेरी मस्टर, ठेकेदाराची बिलं. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवस वाट बघायची, मग तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाला माहिती आयोगाकडे नंबर लागेपर्यंत तो ठेकेदार दुसरा ठेका घेऊन मोकळा झालेला असतो, त्यामुळे जमेल तेवढं पहिल्या अपिलातच उरकायचं. आणि पुण्यात तर अर्ज न करताच सोमवारी तीन ते पाच जाऊन फायली बघायची पद्धत होती, मग २०१८ मध्ये सरकारनेच राज्यभर तसं परिपत्रक काढलं, ते परिपत्रक छापून खिशात ठेवा कारण टेबलावरच्या माणसाने ते बहुतेक वाचलेलं नसतं.

एमबी वाचायला शिका. खरंच. आमच्या एका बोळात काँक्रीट झालं होतं, एमबीत लांबी लिहिली होती पंच्याऐंशी मीटर, आम्ही शिवणकामाचा टेप घेऊन मोजलं, एक काकू धरून पुढे आणि एक मागे, मुलं आकडे ओरडतायत, भरलं बासष्ट. त्या संध्याकाळी वस्तीत जे वातावरण होतं ते मी दहा अभ्यासवर्ग घेऊन आणू शकले नसते.

बजेट हा कंटाळवाणा विषय वाटतो पण तिथेच सगळं आहे. आयुक्त आधी त्यांचं अंदाजपत्रक मांडतात, मग स्थायी समिती त्यात आपली भर घालते, मग मुख्य सभा. यात आपल्याला बघायची ती "स" यादी, नगरसेवकांच्या वॉर्डातल्या कामांचे पैसे तिथे असतात, म्हणजे बाकडी, कापडी पिशव्या, पेव्हर ब्लॉक, आणि एकाच रस्त्यावर तीन वर्षांत तिसऱ्यांदा पेव्हर ब्लॉक. नागरिकांनी कामं सुचवायची सोय पण पुण्यात २००६ पासून आहे, पाच लाखांपर्यंतचं काम, फॉर्म साधारण पावसाळ्याच्या शेवटी निघतात. सोसायटीवाले ते भरतात, वस्तीत कुणाला पत्ताच नसतो. तुम्ही भरून घ्या, पन्नास फॉर्म, सार्वजनिक संडासाची दारं आणि लाईट असलीच कामं मागा. मंजूर नाही झालं तरी नाकारलं कुणी ते विचारता येतं.

पाडापाडीचं मात्र जरा नीट वाचा कारण इथे चूक झाली तर घर जातं. जून २०२१ मध्ये आंबिल ओढ्याकाठच्या घरांचं काय झालं ते पुण्यातल्या सगळ्यांना आठवत असेल, भर पावसाळ्यात बुलडोझर. नोटीस आली की पहिलं काम म्हणजे पाकीट आणि तारीख जपून ठेवणं, भिंतीवर चिकटवली असेल तर फोटो काढा, फोटोत शेजारचं दार दिसलं पाहिजे. दुसरं, प्रत्येक घराची फाईल करा, मतदारयादी, लाईटबिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) असेल तर तो, रेशनकार्ड, शाळेचा दाखला. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर फुकट पुनर्वसनाचा हक्क, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, म्हणून एक एक जुनं बिल शोधायला लागतं, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतं ते, लग्नाच्या शालूखाली. तिसरं, व्हॉट्सॲपवर फिरतंय की सुप्रीम कोर्टाने बुलडोझर बंद केलेत, तर तसं नाहीये. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पंधरा दिवसांची नोटीस वगैरे आहे पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे, नदी-नाल्याच्या जागेवरची बांधकामं त्यातून वगळलीयेत, आणि आपले लोक नेमके तिथेच राहतात. त्यामुळे त्या निकालावर विसंबून झोपू नका, वकील आदल्या रात्री नाही, नोटीस आली त्याच दिवशी गाठा. पथारीवाल्यांचं जरा बरं आहे, २०१४ च्या कायद्यात स्पष्ट आहे की सर्व्हे पूर्ण होईपर्यंत उठवायचं नाही, आणि शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के फेरीवाले पाहिजेत. त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली हा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज म्हणून फार चांगला विषय आहे.

मोर्चा. परवानगीचा अर्ज आठ दिवस आधी, कुठून कुठे, किती लोक, स्पीकर आहे का, जबाबदार व्यक्ती कोण, मोबाईल नंबर. जबाबदार व्यक्ती म्हणून नवीन पोरांचं नाव टाकू नका, त्यांना पासपोर्ट आणि नोकरीची पडताळणी अजून करायची असते, आमच्यासारख्यांचं टाका, आमचं काय व्हायचं ते झालंय. पोलीस म्हणतील जमावबंदी आहे. असतेच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश पंधरा दिवसांचा असतो आणि संपला की नवा निघतो, वर्षानुवर्षं. त्यातून मग वाटाघाटी, मोर्चा नको सभा घ्या, कलेक्टर कचेरीसमोर नको बाजूला उभे राहा, स्पीकर एकच. आदल्या रात्री घरी नोटीस येते, पूर्वी तिला १४९ ची म्हणायचे, आता नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम १६८, ती सही करून घ्या आणि फोटो काढून वकिलाला पाठवा, घाबरायचं कारण नाही. ताब्यात घेतलं तर सगळ्यांची नावं एका वहीत असलीच पाहिजेत, कोण कुठल्या गाडीत चढलं ते. चोवीस तासांच्या वर मॅजिस्ट्रेटपुढे न नेता ठेवता येत नाही आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, हे बायकांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या घरच्यांना पण. मोर्चात पाणी, बिस्किटं, आणि मुख्य म्हणजे संडास कुठे आहे ते. पुरुष कार्यकर्ते हे विसरतात, दर वेळी विसरतात, आणि मग विचारतात बायका लवकर का गेल्या.

जुलै २०२५ मध्ये जहाल डाव्या संघटनांवर कारवाईचं म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं तेव्हापासून पोरांचे आईबाप जास्त घाबरतात. तुम्ही अर्बन नक्षल का असं मला भाजीवाल्याने विचारलंय, हसत, पण विचारलंय. माझं उत्तर एकच, सगळं उघड करा. मीटिंग उघड, हिशोब उघड, पत्रकावर छापणाऱ्याचं नाव. आणि भीती खरी आहे हे घरी मान्य करा. कोल्हापुरात टोलच्या आंदोलनात पुढे असलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या, सोबत त्यांच्या पत्नी उमाताई होत्या. त्या आठवड्यात माझ्या सासूबाई रोज मी येईपर्यंत दारात बसायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत.

पैशाचं सांगते. पूर्णवेळ कार्यकर्ता व्हायचं असेल तर आधी घरात कोण कमावतंय ते ठरवा आणि त्या माणसाला विचारा, म्हणजे खरंच विचारा, सांगू नका. मानधन मिळतं ते बसपास आणि मोबाईल रिचार्ज एवढंच समजा. अनेक पुरुष कॉम्रेडांचं आयुष्य बायकोच्या शिक्षिकेच्या पगारावर गेलंय आणि सत्कारात शाल मात्र त्यांना मिळते. माझं मत विचाराल तर अर्धवेळ नोकरी ठेवा. वर्गणी वस्तीतूनच गोळा करा, दहा रुपये का होईना, पावती फाडून. ज्याने दहा रुपये दिले तो हिशोब विचारतो आणि हिशोब विचारणारा मीटिंगला येतो. बाबा आढावांच्या संघटनांमध्ये, हमाल पंचायत असो की १९९३ साली सुरू झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, सभासदाची वर्गणी आणि ओळखपत्र याला जे महत्त्व आहे ते उगाच नाही. कचरा वेचणाऱ्या बाईच्या गळ्यातलं कार्ड महापालिकेने मान्य केलं की पोलीस तिला चोर म्हणायच्या आधी दोनदा विचार करतो.

मीटिंगबद्दल थोडंच. आपल्याकडे रिपोर्टिंग आंतरराष्ट्रीय परिस्थितीपासून सुरू होतं, मग राष्ट्रीय, मग राज्य, आणि गटारापर्यंत येईस्तोवर बायका स्वयंपाकाला निघून गेलेल्या असतात. उलटं करा. लाईटबिल घेऊन बसा, स्थिर आकार म्हणजे काय, वहन आकार कशाचा, तिथून वर चढत जा, साम्राज्यवादापर्यंत पोचायला वेळ आहे. एखादे ज्येष्ठ कॉम्रेड १९८२ च्या गिरणी संपावर बोलायला लागले तर थांबवू नका पण खुर्ची दाराजवळची घ्या.

आता निवडणूक. इथे सगळ्यांची मनं मोडतात म्हणून आधीच सांगते, काम केलं म्हणजे मत मिळतं असं नसतं. सोलापुरात नरसय्या आडम मास्तरांनी विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरं उभी केली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत, नंतर रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प. तरी २००९ पासून मास्तर विधानसभेला हरतच आले. एक साधी गोष्ट बघा, कुंभारी शहराबाहेर आहे, घर मिळालेल्या बाईने नाव तिकडे नोंदवलं की तिचं मत मास्तरांच्या मतदारसंघात पडतच नाही. मुंबईत परळला १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या, लालबाग-परळ म्हणजे लाल बावट्याचा बालेकिल्ला, तरी हरल्या आणि शिवसेनेचा पहिला आमदार तिथून निवडून आला.

पुण्यात तर प्रभागच चार जणांचा. ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक (एक प्रभाग तेवढा पाच जणांचा), म्हणजे एका प्रभागात लाखाच्या घरात लोकसंख्या, आणि आपलं काम असतं तीन गल्ल्यांत. एक माणूस एक वॉर्ड असताना लाल झेंड्याला जी थोडी जागा होती ती त्यात गेली. वर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक, आणि खरं सांगू का, त्या काळात आमचं काम वाढलं कारण फोन करायला भाऊच नव्हते, लोकांना स्वतः जावं लागत होतं. तरी लढवायची असेल तर एकच जागा लढवा, सगळ्या प्रभागात पसरू नका, बूथनिहाय यादी घेऊन घरं मोजा, आणि शेवटच्या दोन रात्री वस्तीतच काढा कारण पाकिटं तेव्हा फिरतात. पाकीट घेणाऱ्या बाईवर चिडू नका, मतदान यंत्रासमोर ती एकटी असते हे तिला माहीत आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी झोपा. तिसऱ्या दिवशी मला फोन आला होता, त्याच मावशीचा, जिच्या नळावर भाऊंचा फ्लेक्स लागला होता. मत तिने कुणाला दिलं ते मला चांगलं माहीत होतं. म्हणाली, ताई ड्रेनेज तुंबलंय चार दिवस झाले, उद्या अकराला जायचं का, मी सहाजणींना सांगितलंय.

आणि हो, उमेदवाराचा खर्चाचा हिशोब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, नाहीतर तीन वर्षं अपात्र ठरू शकता. हरलेले लोक हमखास विसरतात. नेऊन द्या आणि पोच घ्या.